डाव्या टोकाचा हायरम

हायरम पीसली आमच्या गावचा न्हावी. गिऱ्हाइकाची दाढी करायला खोक्यावर चढायचा आणि वर स्वतःच म्हणायचा, "देवानं मला घडवलं तेव्हा माती संपत आली होती. नाकावर उधळली, पायांना उरलीच नाही!" अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवीत आम्ही उत्तरेकडून लढलो, तेव्हा कंपनीची रांग उंचीनं लागायची, सगळ्यात बुटका डाव्या टोकाला. आमची कंपनीही पलटणीच्या डाव्या अंगाला. म्हणजे स्वयंसेवकांच्या अख्ख्या पायदळ पलटणीचं डावं टोक म्हणजे आमचा हायरम. घ्या!

लढाईनंतर पंचवीस वर्षांनी पेनसिल्व्हेनियात जिथं आम्ही लढलो त्या रणभूमीवर पलटणीचं ग्रॅनाइटचं स्मारक उभं राहिलं. रांगेच्या दोन टोकांना दोन छोटे दगड बसवायचे तेवढे राहिले, आणि तिथंच भांडण पेटलं. शेजारच्या पलटणीचे म्हातारे म्हणायला लागले, तुम्ही उजवीकडे सरकलात, मध्ये फट पडली, त्या फटीतून दक्षिणवाले घुसले आणि आमची पोरं मेली.

आमच्या कॅप्टन वॉरननं हायरमला रणभूमीवरच्या शेतात आणून उभा केला. "पीसली, कुठं उभा होतास ते दाखव. पलटणीची अब्रू तुझ्या हातात आहे."

"मग फारच खाली आहे, साहेब."

सगळे हसले. हायरमला मात्र जागा ठाऊकच नव्हती. दुकानात लढाईचे किस्से रंगवून सांगायचा, पण बघितलं होतं काय? डोंबल! पहिल्या गोळीपासून शेवटपर्यंत पठ्ठ्यानं डोळे घट्ट मिटलेले. आंधळ्यासारखे आपणच सरकलो आणि ती पोरं आपल्यामुळं गेली, ही धास्ती इतकी वर्षं त्याचं काळीज कुरतडत होती.

तेवढ्यात शेजारच्या पलटणीचा उजव्या टोकाचा, म्हणजे लढाईत हायरमच्या डाव्या हाताला उभा असलेला गडी आला. थॅडियस ब्लॉजेट, ताडमाड, उजवी बाही रिकामी. त्यानं हायरमला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाच तो! डोळे मिटून आईच्या नावानं बोंबलत होता."

मंडळी खो खो हसली. हायरमला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आणि फट?" कॅप्टननं विचारलं.

"कसली फट? माझा हात उडाला तसा मी ह्याच्याच पायांवर कोसळलो. हा बाबा जागचा हलला नाही. मला पायांशी घेऊन बोंबलत होता आणि गोळ्या झाडत होता. अहो, पळायला डोळे उघडे लागतात! आमच्या लोकांना खापर फोडायला कुणीतरी हवं होतं, एवढंच."

ब्लॉजेटनं डाव्या हातानं हायरमचा दंड धरला आणि एका खडकाशेजारी नेऊन उभा केला. "इथं."

हायरमनं समोर बघितलं. "शत्रू कुठं होता रे?"

"त्या कुंपणाशी."

कुंपण थुंकलं तर पोचेल इतक्यावर होतं. हायरम मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"ऊठ पीसली, दगड बसवायचाय," कॅप्टन हळूच म्हणाला.

"जरा थांबा, साहेब. तेव्हा नुसताच बोंबललो. घाबरायचं राहून गेलं होतं."