फोनचं कुलूप आणि पदराखालची बोटं

निरगुडसर नावाचं एक गाव होतं, आजही आहे. गावाच्या कडेला कांद्याची चाळ. त्या चाळीत एक सासू, एक सून आणि एक शेजारीण कांदा निवडायला बसायच्या. सासू म्हणजे मी, हौसाबाई. सून मनीषा. शेजारीण रखमा, जिचा आवाज वेशीपर्यंत जातो! बाकी आठ-दहा जणी असायच्या, पण बोलायचं काम आमच्याकडंच.

कांदा निवडताना हात गुंतलेले, तोंड मोकळं. मग किस्से साठतात कसे? चाळीतल्या टरफलांसारखे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा घोट्याएवढे! मला अक्षर येत नाही, पण एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. आज माझ्या लेकीची पोर पिंकी वही घेऊन बसलीय. शेवटच्या किश्शाला मनीषाची परवानगी लागत होती, तीही मिळाली. म्हणलं, लिही.

*

यंदा सगळ्यांच्या फोनला तोंड दाखवून उघडायचं कुलूप आलं. पहिलं बसवलं रखमानं.

"माझ्या जावा सारख्या फोनात डोकावत्यात. आता व्हॉट्सॲप माझं तोंड बघितल्याबिगर उघडायचं न्हाई!"

दुसऱ्याच दिवशी चाळीत तिचा फोन टुणकन वाजला. टरफलं उडतात म्हणून आम्ही सगळ्या नाकातोंडाला ओढणी गुंडाळून बसतो. फोन काही उघडेना. रखमानं ओढणी सोडली. कांद्यानं डोळे सुजलेले, नाक लाल, गालाला माती. फोन तरीही ऐकेना. तोंड धुवायला म्हणून ती हळूच उठून निघाली, तर मुकादम लांबून ओरडला, "रखमे, बस खाली!"

रखमा म्हणाली, "बघा! ह्यानं पाठमोरी वळखली. ह्यालाच फोनात बसवा!"

*

रखमाच्या लेकीची हळद होती. नवरदेवाकडची गाडी मंचरच्या पुढं रस्ता चुकली. घराचं लोकेशन नवरीच्या फोनात, आणि नवरी पाटावर, कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळीधमक! फोन धरला तर ओळखेना. नंबर टाकून उघडावा, तर घाबरलेल्या पोरीला नंबर आठवेना. रखमा पदर घेऊन गाल पुसायला धावली, तर म्हाताऱ्या ओरडल्या, "हळद पुसायची न्हाई!"

शेवटी मीच नवरदेवाला फोनवर रस्ता सांगितला. पिंपळ, मग दूध डेअरी, मग भुंकणारं कुत्रं. बरोब्बर आले! त्यानं नवरीकडं बघितलं आणि म्हणाला, "फोनची चूक न्हाई राव, मलाबी जरा येळच लागला."

*

रखमाची बहीण खोडदला असते. आभाळातलं ऐकायला तिथं भल्यामोठ्या थाळ्या उभ्या केल्यात ना, त्यांच्या अलीकडं तिचं शेत. तिला जुळे पोरगे, सुरेश आणि रमेश. थोरल्याचं लग्न ठरलं. त्यानं होणाऱ्या बायकोचे मेसेज कुलपात ठेवले. धाकट्यानं सहज तोंड पुढं केलं, तर कुलूप सताड उघडं! बरं, नुसतं वाचून गप्प बसावं? पठ्ठ्यानं उत्तरंही दिली!

पोरीला कळलं तेव्हा तिनं थोरल्याला फोन केला. "त्यानं मला इचारलं, जेवलीस का. तुमी महिन्यात एकदा तरी इचारलं का?"

तेव्हापासून थोरला रोज विचारतो. कुलूप मात्र बदललं.

*

आता आमच्या म्हाताऱ्याचं ऐका. आमचे मालक बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाल होते. तिथली रीत अशी, की भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आतून एकमेकांची बोटं दाबायची. भोवती शंभर माणसं उभी, कुणाला काही कळत नाही.

तर ह्या माणसानं सत्तरीत फोटोंना कुलूप घातलं! मी म्हणलं, असं काय दडवलंय? ते घोरत असताना फोन तोंडापुढं धरला. उघडेना. पिंकी म्हणाली, "आजी, डोळे उघडे लागतात." मग त्यांना हलवलं. डोळे उघडले, तरी कुलूप उघडेना. का, तर कवळी वाटीत!

म्हाताऱ्यानं उठून कवळी लावली, फोन उघडला आणि निमूट माझ्या हातात दिला. आत सगळे फोटो आमच्या हौश्या बैलाचे. गेल्या साली विकलेला.

"त्येला इकताना रुमालाखाली माझी बोटंच दाबंनात गं," ते म्हणाले. "रोज बघतो. कुणी हसू नये म्हणून कुलूप."

मी हसले नाही. वाटी तेवढी विसळून ठेवली.

*

आणि मग एक दिवस कळलं, आमच्या मनीषानंही कुलूप घातलंय. मंचरच्या दवाखान्याचे कागद ज्या ॲपात येतात, त्याला.

मी चिडले. "घरात चोर हायेत का गं? कुणापासनं दडवतीस?"

ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "आत्या, तुमच्यापासनं."

मी हातातलं सरपण खाली ठेवलं.

"दोन येळा दिस गेले," ती म्हणाली. "दोन्ही येळा तुमी दुसऱ्याच दिशी चाळीत सांगितलं. मग न्हाई टिकलं. मग एकेक बाई घरी आली समजूत घालाया. मला रडायचं व्हतं, आन् मी समद्यांसाठी चहा गाळत व्हते."

एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली. मला ह्या वयात पहिल्यांदा कळलं, की माझ्या गोष्टींचं ओझं दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर होतं.

त्या दिवसापासून मी चाळीत गप्प. बाया विचारायच्या, "हौसाबाई, बोलत का न्हाई?" मी म्हणायचे, "दाढ दुखती." तीन आठवडे दाढ दुखली! रखमानं लवंगा आणून दिल्या, त्याही चघळल्या.

*

मग मनीषाच एका सकाळी जवळ आली. "आत्या, पुन्हा दिस गेल्यात. आज मशिनीवर बघणार हायेत. काय आसंल ते घरात पयलं तुमालाच सांगणार. पर तुमी चाळीत असणार, समद्यांच्या मदी."

मी म्हणलं, "सासऱ्याचा धंदा शीक. माझ्या पदराखाली हात घाल. बाळाचं काळीज वाजत आसंल, तर माझं एक बोट दाब. न्हाईतर मूठ मिटून ठेव. तोंडानं काय बोलू नको."

माझ्या लेकानं, गणेशनं, तिला मोटारसायकलवर नेलं. दुपारी ती चाळीत आली, ओढणी बांधली आणि माझ्या शेजारी बसली. रखमा लगेच, "कुठं गेलती गं?"

"आधार कार्डाला."

ओढणीतून नुसते डोळे दिसत होते, आणि ते वाहत होते. पण कांद्याच्या चाळीत डोळ्यातल्या पाण्याला कोण विचारतं? आमच्या सगळ्यांचेच वाहत होते.

तिचा हात पदराखाली आला. गार पडलेला. मूठ मिटलेली. मी कांदा निवडत राहिले, चांगला कुठं आणि सडका कुठं टाकतेय ते मला कळेना.

मग मूठ उघडली. एक बोट दाबलं.

मी डोळे मिटले. आणि लगेच त्याच्या शेजारी दुसरं बोट.

मी हळूच म्हणलं, "अगं, एकच ठरलं व्हतं की!"

तिनं पुन्हा दाबली. जोरात. दोनच.

"हौसाबाई, काय झालं?" रखमा ओरडली. "एवढी का रडती?"

मी म्हणलं, "यंदाचा कांदा लई तिखट हाय गं!"