उसाच्या गाडीला न चढता आलेला चढ

लढाई संपली, लोखंड पुन्हा मिळू लागलं आणि बेलापूरजवळच्या रेल्वे फाटकावरून पूल बांधायचं ठरलं. गळिताच्या दिवसांत त्या फाटकाशी गाड्यांची अशी रांग लागे की मागच्यांचा ऊस कारखान्यात पोचेपर्यंत वाळून हलका व्हायचा. मी तिथला ओव्हरसियर. पूल चांगला झाला तो गवंड्यांमुळे. चढ चुकला तो माझ्यामुळे.

परीक्षा मी घेतली होती. उसाच्या वजनाइतका मुरूम गाडीत भरला, बैल डुलत वर गेले. मी मिशीवर ताव दिला. तेवढ्यापुरती मिशी होती.

एका म्हाताऱ्या गाडीवानानं मान हलवली. "सायेब, मुरूम गाडीच्या पोटात बसतो. ऊस मागं लोंबतो. गाडी मागं कलंडून उलाळ हुईल."

"मामा, वजन ते वजन. उद्या तुमचीच गाडी आणा, मी वर बसतो."

"बसा की. मी कशाला न्हाई म्हनू?"

दुसऱ्या दिवशी इंजिनियरसाहेबही बघायला आले. मी उसावर बसून हात हलवत निघालो. अर्ध्या चढावर गाडीचा मागचा भार खाली गेला, जू वर उचललं आणि मी मोळ्यांसकट घसरत थेट साहेबांच्या बुटांपाशी.

म्हाताऱ्यानं आधी बैलांचे आवळलेले गळे मोकळे केले, मग माझ्याकडे पाहिलं. "लागलं का कुटं वजनाला?"

साहेब हसले नाहीत. "गळिताआधी बैलगाडी चढली नाही, तर पूल फक्त मोटारींना. गाड्या फाटकातच उभ्या राहतील."

"चढेल," मी म्हणालो. कपड्यांना पाचट चिकटलेलं असताना असं म्हणायला धीर लागतो.

"मामा, चढ कुठून धरायचा?"

तो चालत सुटला. चढ सुरू करायला मी ठोकलेली खुंटी मागे पडली, बाभूळ मागे पडली, तरी चालतोच. शेवटी त्यानं चाबूक जमिनीत रोवला.

"एवढ्या लांबून?"

"मला नगा इचारू. बैलाला इचारा."

खुंटी तिथं हलवली. चढ लांब आणि सौम्य करायला गाढवांवरून मुरूम आला, मीही घमेली उचलली. मजुरांना वाटलं मला शिक्षा झालीय. मी ती समजूत मोडली नाही.

पहिला ऊस निघाला. "बसताय का वर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी मागून चालतो."

गाडी घसरली असती तर माझ्याच अंगावर आली असती. पण जू मानेवरून हललं नाही. माथ्यावर पोचल्यावर म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खालच्या रांगेला ओरडला, "येऊ द्या रं, थांबू नगा!"

दुसरी गाडी चढाला लागली.