फ्रीझरची खंडेनवमी

सुधाकर भोपाळमधल्या पिपलानीत, कारखान्याच्या क्वार्टरात वाढला. बाप कारखान्यात फिटर. खंडेनवमीला मशीन बंद करून, तिला हळदकुंकू लावून, हार घालूनच तो घरी यायचा. "यंत्रालाही घडीभर टेकू द्यावं रे," म्हणायचा. सुधाकरने ते पाळलं. संस्थेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं त्याने उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर सांभाळला, आणि दर नवमीला पाच मिनिटं बटण बंद, धोक्याचा भोंगा बंद, कुंकू, नारळ, की पुन्हा दोन्ही चालू.

यंदा नारळ फुटला आणि साहेबांनी वरून हाक मारली, "सुधाकरजी, पेढे बाँट दो, लोग निकल रहे हैं." सुधाकर पेढे वाटायला गेला तो तिकडूनच स्कूटर काढून घरी. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार.

सोमवारी फ्रीझरचं दार उघडलं तर वास आला.

आत फक्त मृणालची शार्क होती. मृणाल भोपाळच्याच शिवाजी नगरातली, पीएचडीचं तिसरं वर्ष. कोकणात खोल पाण्यातल्या जाळ्यात एकदाच आलेला तो मासा तिने तुकडे करून, बर्फात घालून भोपाळला आणला होता. चहा पिता पिता तिनेच त्याला सांगितलेलं, "काका, आपली नि शार्कची वाट पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी फुटली. पण शार्कचा जीनोम फार सावकाश बदलतो. तो वाचला की दोघांच्या पूर्वजाचं जुनं बाड हाती लागतं. जबडा कसा आला, हातपाय घडवणारी जनुकं माशाच्या परांत काय करत होती, सगळं."

"म्हणजे हा जबडा मच्छीकडून उचललेला?"

"उचललेला नाही हो. सामायिक वारसा."

तेव्हापासून दाढी करताना सुधाकर हनुवटी जरा जपूनच धरायचा.

मृणालने त्यातल्या त्यात बरा तुकडा तपासणीला लावला. जेलीच्या पातळ थरावर डीएनएचा एक ठसठशीत पट्टा उमटायला हवा होता. वरपासून खालपर्यंत नुसता धुरकट फराटा आला.

"काय दिसतंय?" सुधाकरने विचारलं.

"चुरा. जीनोम जुळवायला लांब धागे लागतात, काका. हा भुसा आहे."

"दुसरी मिळेल ना? मी रजा टाकतो. रत्नागिरीच्या जेटीवर जाऊन बसतो."

"तीन वर्षांत एक मिळाली होती."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला निदान मान खाली घालता आली असती.

"बटण मीच बंद केलेलं. पूजेला."

"माहितेय. दारावर कुंकू आहे. सरांना मी लाईट गेली होती म्हणून सांगितलंय. मार्चमध्ये तुम्ही रिटायर होताय."

"लाईट गेलीच नव्हती, पोरी."

"खरं सांगून मासा परत येणार आहे का?" तिने वह्या पिशवीत कोंबल्या. "सर म्हणतात, कोंबडीवर काम घे. तिचा जीनोम कधीचाच वाचून झालाय."

ती गेली. सुधाकरने शार्कच्या तुकड्यांच्या चाळीस नळ्या बाहेर काढल्या, एकेक चिठ्ठी सोलली, नळ्या नष्ट करायच्या पिशवीत भरल्या. मग फ्रीझर पुसून बटण चालू केलं. भोंगाही.

संध्याकाळपर्यंत आकडा उणे ऐंशीवर आला. सुधाकर वहीत नोंद करायला बसला आणि 'आत काय' या रकान्यापाशी थांबला.