भेंडीच्या डोहावरचं शून्य

बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, शीला भोईर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक तिच्या तांदळाच्या भाकऱ्या. साखरपुडा असो की पूजा, शंभर भाकऱ्यांची ऑर्डर ती एकटी उरकते. दुसरी तिची जीभ, जी ऑर्डर न देताही घरपोच मिळते.

सात हिवाळ्यांपूर्वी त्यात तिसरी भर पडली. थंडीत मोजणीच्या चारही रविवारी उजाडायच्या आत ती शाल गुंडाळून उल्हास नदीकाठच्या भेंडीच्या डोहावर जाऊन बसते आणि पाखरं मोजते. शेजारच्या सोसायटीतल्या रुचिकाने तिला पक्षीमित्र मंडळात नेलं, तेव्हापासूनचा हा नाद. नवरा पहिल्या वर्षी हसला, दुसऱ्या वर्षी चिडला, तिसऱ्या वर्षी मुकाट्याने दुर्बीण घेऊन आला.

सुरुवातीला तिचीही फजिती झाली होती. पहिल्याच महिन्यात तिने वहीत सात बगळे लिहिले आणि ते पुरात वाहून आलेले थर्माकोलचे तुकडे निघाले. कुणाला पत्ताही लागला नसता. पण हिने भर बैठकीत उभं राहून चूक सांगितली, नोंद खोडली आणि स्वतःपुरता कायदा केला, की दहा मिनिटांत जे हललं नाही ते मोजायचं नाही. सगळे पोट धरून हसले. हसू देत. त्यानंतर तिचा एकही आकडा कुणाला खोडता आलेला नाही.

आणि आकडे तरी काय होते! गुलाबी काड्यांसारख्या पायांचे शेकाटे, चिखलात चोच खुपसत धावणारे तुतारी पक्षी आणि दर डिसेंबरात उतरणारे केशरी चक्रवाक. मंडळाची दरवर्षी पक्षीनोंदींची पुस्तिका निघते, तिच्यात सगळ्यात मानाची पानं शीलाचीच असायची. अंबरनाथ, उल्हासनगरची मंडळं या चक्रवाकांवरून जळत, असं आमचे लोक अभिमानाने सांगत.

दोन वर्षांपूर्वी डोहावर डंपर येऊ लागले. कुठल्या कुठल्या पाडकामांचा राडारोडा रिकामा होऊ लागला. शीलाने अर्ज केले, ड्रायव्हरांशी भांडली, एका डंपरपुढे तासभर उभी राहिली. डोह तरीही बुजत गेला. यंदा गुडघाभर गढूळ पाणी तेवढं उरलं. ती नेमाने चारही रविवार जाऊन बसली. चौथ्या रविवारी तिला रडू आलं. डोळे पुसून तिने वहीत लिहिलं, शून्य.

जानेवारीअखेरीस पुस्तिका छापायला जायची होती. मंडळाचे अध्यक्ष धर्मेश सर शाळेतून निवृत्त झालेले, माणूस वाईट नाही, पण समारंभाचा फार सोस. प्रकाशनाला पाहुणे येणार आणि पुस्तिकेत शून्याचं पान! नाक कापलं जाईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी भेंडीच्या डोहापुढे 'पाहणी झाली नाही' एवढंच घातलं आणि बैठकीत ते घाईघाईने वाचून पुढे सरकले.

शीला उठली. तिला इतका राग आला होता की आवाज उलट खाली गेला.

"सर, पाहणी झाली नाय कशी? चार रविवार मी काय तिथं झोपायला गेलते?"

सरांनी समजावलं, की यादी पक्ष्यांची आहे, पक्षी नसतील तर लिहायचं काय? शिवाय धुकं होतं म्हटलं तरी चालतं. दोघातिघांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, ताई, उगाच कशाला, पुढच्या वर्षी दुसरी जागा बघू.

"धुकं नव्हतं," शीला म्हणाली. "उद्या तिथं बिल्डिंग उठंल. कोण विचारंल तर बिल्डर बोलंल, इथं कधी पाखरूच नव्हतं. आणि तुमची पुस्तिका बोलंल, बघायलाच कोण गेलं नाय. मग सात वर्षं मी मोजली ती पाखरं कुठं गेली, सर? ती आधी होती, म्हणून हे शून्य हाय."

तरी सर पान बदलतो असं काही म्हणेनात. तेव्हा तिने सातही वर्षांच्या वह्या पिशवीतून काढून टेबलावर आपटल्या. शून्य छापणार नसाल तर माझं काहीच छापू नका, म्हणाली. शेकाटे नकोत, चक्रवाक नकोत, नाव नको.

चक्रवाक गेले तर पुस्तिकेत उरणार काय, याचा हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात केला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग रुचिकाला म्हणाले, ताई सांगतील तसं टाईप कर.

रुचिकाने लॅपटॉप पुढे ओढला. चार तारखा लिहिल्या. चारही तारखांपुढे शून्य लिहिलं. शेरा काय टाकू, तिने विचारलं.

शीला लॅपटॉपवर वाकली.

"लिही," ती म्हणाली. "मोजणारी हजर होती."