घ्यायला शिकवण्याचा तास

आमच्या भागात पाहुणा निघताना घरच्या लेकराच्या हातात नोट ठेवतो, आणि ती घेण्याची एक रीत असते. लेकरानं आधी हात मागे न्यायचे. आईनं "राहू द्या न, कायले" म्हणायचं. पाहुण्यानं "लेकराले देऊन राह्यलो, तुमाले थोडी" म्हणायचं. पुन्हा नाही, पुन्हा घे. तिसऱ्या खेपेला आईनं डोळ्यानं खूण केली की लेकरानं नोट घ्यायची, पाया पडायचं आणि पाहुणा फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच ती आईकडे जमा करायची. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. तरी पहिल्याच खेपेला हात पुढे करणारं लेकरू हावरट ठरतं, आणि त्याची आई त्याहून हावरट.

माझ्या घरी तिसऱ्या खेपेलाही खूण होत नसे. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात शाळामास्तरीण होते आणि माझं नाव एकाच गोष्टीसाठी झालं होतं: बाई काही घेत नाहीत. पालक तुरीच्या शेंगा आणत, हरभऱ्याचे घाटे आणत, कुणी घरची डाळ. मी दारातूनच परत लावत असे. एकदा एक जण मी नसताना डाळीची पिशवी ओट्यावर ठेवून गेला, तर मी आमच्या मालकांना मोटरसायकलवर त्याच्या गावी पाठवलं. परत आल्यावर ते म्हणाले की डाळीपेक्षा पेट्रोल जास्त जळलं. मी म्हटलं, जळू द्या. माझा स्वभाव पहिल्यापासून असा आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

ह्याच शिस्तीत माझी मुलगी वाढली. एकुलती एक. बारावीनंतर तिनं नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेतलं, पुण्यात नोकरी केली, आणि एक दिवस फोन करून सांगितलं की पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर, जेवणघरात काम मिळालंय. आमच्याकडे पाणी म्हणजे धरणाचं आणि विहिरीचं. आमचे मालक कपाशी, सोयाबीन, तूर पिकवणारे, त्यांनी समुद्र आयुष्यात एकदा पाहिला होता. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिले."

गावात आणि नात्यात अर्थातच चर्चा झाली. घाटंजीच्या एका लग्नात माझ्या नणंदेनं चार बायकांसमोर विचारलं की पोरगी तिकडे ताटं उचलते म्हणे. मी म्हटलं, उचलते, आणि एका हातावर तीन उचलते, तुम्ही दोन तरी उचलून दाखवा. मालक मागून बोलले, वाढणं हलकं काम असतं तर आपण लग्नात पाहुण्यायले सोता कायले वाढतो? त्या दिवशी मी पुरणपोळी जास्तीची खाल्ली.

पण खरं सांगायचं तर मला ताटं खुपत नव्हती. मला खुपत होती ती टिप.

व्हिडिओ कॉलवर तिनं मला सगळं समजावून सांगितलं होतं. जहाजावरचा पाहुणा रोज जेवून उठताना खिशात हात घालत नाही. दर माणशी दर दिवसाची एक ठरलेली रक्कम त्याच्या खात्यावर आपोआप चढते. ती एकत्र गोळा होते आणि खोल्या आवरणारे, वाढणारे, ज्यांचं तोंडही पाहुण्याला दिसत नाही असे धुणारे-पुसणारे, अशा सगळ्यांत वाटली जाते. मूळ पगार बेताचाच, घर चालतं ते ह्यावर. एखादा पाहुणा काउंटरवर जाऊन ती रक्कम काढूनही टाकतो, तो त्याच्या मर्जीचा भाग. आणि ह्याशिवाय सफरीतल्या शेवटच्या जेवणाला, सेवा मनापासून आवडली असेल तर, पाहुणा पाकिटात वेगळे पैसे घालून हातात देतो. ते पाकीट त्या टेबलांवर काम करणाऱ्या जोडीचं असतं, एकट्याचं नसतं.

मंजे बक्षिशीच न, मी विचारलं. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, आमच्याकडे ह्याला चहापाणी म्हणतात. ती चिडली. चहापाणी काम व्हायच्या आधी मागतात, म्हणाली, हे काम झाल्यावर न मागता देतात. माझ्या डोक्यात ते शिरलं, पण गळ्याखाली उतरलं नाही. बक्षिशी ती बक्षिशी.

पहिली दोन वर्षं ती मदतनीस होती. म्हणजे स्वयंपाकघरातून ट्रे आणायचे, पाणी भरायचं, रिकामी ताटं न्यायची. पाहुण्यांशी बोलणारा वेटर दुसरा, पाकिटं त्याच्या हातात यायची आणि तो तिचा वाटा तिला द्यायचा. मग तिला बढती मिळाली. तिची स्वतःची टेबलं, आणि हाताखाली तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, इंडोनेशियाचा एक मदतनीस. त्याची दोन मुलं शाळेत होती आणि तो ट्रे इतका भरून आणायचा की ती त्याला पैलवान म्हणायची. आता पाकीट घेण्याची पाळी पहिल्यांदाच तिच्यावर आली होती.

त्या सकाळी मी गच्चीवर मुगवड्या टाकत होते. तिकडे शेवटचं जेवण आटोपलं होतं. फोन आला तो नेहमीच्या "काय करून राह्यली" शिवाय.

एक म्हातारं जोडपं आठवडाभर तिच्याच टेबलावर जेवलं होतं. आजोबांना मीठ कमी, आजींना चहा जेवणाआधी, हे सगळं तिनं पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवलं होतं. शेवटच्या जेवणाला आजोबा उठून उभे राहिले, दोन शब्द बोलले आणि पाकीट पुढे केलं. आणि माझ्या लेकीचे हात मागे गेले. राहू द्या, कशाला, असं ती इंग्रजीत म्हणाली, आणि हसत उभी राहिली.

ती दुसऱ्या खेपेची वाट पाहत होती.

दुसरी खेप आलीच नाही. आजोबांना वाटलं, आपलं काही चुकलं, इथे असं देणं बरं दिसत नसावं. त्यांनी माफी मागितली आणि पाकीट कोटाच्या खिशात ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी ते पाहिलं आणि त्यांनीही आपलं पाकीट पर्समध्ये घातलं. मदतनीस कॉफीचा ट्रे घेऊन मागेच उभा होता. त्यानं सगळं पाहिलं, कॉफी ठेवली, आणि जेवणघर बंद झाल्यावर थेट साहेबाकडे जाऊन सांगितलं की मला दुसरी जोडी द्या. साहेबानं माझ्या मुलीला बोलावून सांगितलं, ही पुढची एक सफर तुम्ही दोघं एकत्र करा, तरी त्याला नको असेल तर तू परत कुणाच्या तरी हाताखाली ट्रे उचलशील.

मी म्हटलं, बरं झालं, त्यांना कळलं तरी आपण कशा घरचे आहोत.

त्यावर ती म्हणाली, "आई, तू मले नाही म्हनाले शिकवलं. घ्याले नाही शिकवलं."

माझा पारा चढला. हात पसरायला शिकवण्यासाठी मी तुला जन्म दिला नाही, असं म्हणून मी फोन ठेवला. उरलेल्या मुगवड्या वाकड्यातिकड्या पडल्या. मालक शिडीपाशी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी वाटच पाहत होते की ते काहीतरी बोलतील, आणि बोलले तर मी आणखी दोन गोष्टी ऐकवीन.

ते म्हणाले, "तू नाही म्हनतं, ते तुह्या ताटातलं. तिनं नाही म्हनलं, ते दुसऱ्याच्या ताटातलं."

आणि शेतावर निघून गेले. हा माणूस दिवसाकाठी मोजकी वाक्यं बोलतो आणि त्यातलं एखादं असं टाकून जातो की दिवसभर माणसाला दुसरं काम सुचू नये. मी डाळीची पिशवी परत केली तेव्हा माझ्या मागे कुणी ट्रे घेऊन उभं नव्हतं. माझ्या नकाराची किंमत मीच मोजत होते, फार तर पेट्रोलापुरती मालकांनी मोजली. तिच्या नकारात दोन शाळकरी पोरांचा वाटा होता, आणि त्या पोरांच्या बापाला तिनं विचारलंही नव्हतं. मी हट्टी आहे, पण दुसऱ्याच्या ताटातलं उचलून स्वतःचं नाव मोठं करणारी नाही.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला. तिला म्हटलं, उभी राहा, आपण तास घेऊ. ती म्हणाली, कसला? मी म्हटलं, घेण्याचा.

कपाटात आहेराचं एक पाकीट होतं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. ते मालकांच्या हातात दिलं आणि त्यांना गोरा पाहुणा केलं. खांद्यावरचा दुपट्टा काढायला सांगितला तर काढेनात. मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. मालकांनी अदबीनं पाकीट मोबाइलपुढे धरलं आणि तिचे हात, आईशप्पथ, परत मागे गेले.

"पुन्हा," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा तिनं हात पुढे केला, पण मान खाली. चोरी केल्यासारखी कायले घेतं, मी विचारलं, आठवडाभर उभी राहून कमावलंय ना? मान वर. पुन्हा. मग थँक्यू इतक्या घाईत म्हणाली की मालकांना हसू फुटलं. पुन्हा. मी आयुष्यभर पोरांकडून पाढे असेच म्हणून घेतलेत, मला कंटाळा येत नाही. शेवटी एकदा तिनं मान वर ठेवून, डोळ्यात पाहून, दोन्ही हातांनी घेतल्यासारखं केलं, आणि तिकडे तिच्या केबिनमधली जोडीदारीण टाळ्या वाजवताना ऐकू आली.

पण माझं समाधान झालं नव्हतं. मी विचारलं, तुझा मदतनीस त्या वेळी कुठे असतो? मागे, ती म्हणाली. मी म्हटलं, तिथेच चुकतंय. आपल्या गावच्या भंडाऱ्यात शेवटची पंगत उठायच्या आधी आचाऱ्याला चुलीपाशून बोलावून आणतात की नाही? नाही तर वाढणाराच सगळं नाव घेऊन जातो. पाहुणा खिशात हात घालायच्या आधी तू त्याला पुढे बोलाव, त्याचं नाव घेऊन सांग की हे गरम जेवण ह्यानं आणलं.

पुढचा आठवडा मी देवापुढे काही बोलले नाही, कारण देवाला टिप मागायची कशी हे मला कळेना. मालक रोज संध्याकाळी विचारत, फोन आलता का. सफर संपली तेव्हा फोन आला आणि तिच्या पहिल्याच श्वासावरून मला कळलं.

तिनं मदतनिसाला पुढे बोलावलं होतं. आधी तो आलाच नाही, त्याला वाटलं काही तक्रार आहे. मग ट्रे बाजूला ठेवून, एप्रन सरळ करत आला. तिनं त्याचं नाव घेऊन पाहुण्यांना सांगितलं की सात दिवस तुमच्या ताटात जे गरम आलं ते ह्याच्या पायांमुळे. टेबलावरची सगळी माणसं त्याच्याशी हात मिळवायला उठली. पाकीट पुढे आलं तेव्हा तिचे हात पुन्हा मागे निघाले होते, पण म्हणाली, तुह्या आवाजातलं "पुन्हा" ऐकू आलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं, मान वर ठेवून, आणि तिथेच, पाहुण्यांसमोर, ते मदतनिसाच्या हातात दिलं. वाटणी तूच कर, म्हणाली. ताटं आवरून झाल्यावर त्यानं विचारलं की पुढच्या सफरीला टेबलं हीच राहतील ना.

मला अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही. शाळेतल्या शिक्षकांना सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, नणंदेला मुद्दाम फोन करून सांगितलं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं मोठ्या हुद्द्यांवर आहेत, त्यांच्या आनंदात मी पेढे खाल्लेत. पण सातासमुद्रापार भर जेवणघरात आपल्यामागे उभ्या असलेल्या माणसाला पुढे आणणारी पोरगी माझी, आणि ते पाकीट मान वर ठेवून घेणारीही माझीच. आजही त्याच जोडीची टेबलं आहेत.

कॉन्ट्रॅक्ट संपवून ती सुटीवर आली. मी तोवर निवृत्त झाले होते. दुपारी अंगणात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं पाकीट पुढे केलं. तेच, रुपया चिकटवलेलं, कपाटातून शोधून काढलेलं. आतलं तिच्या वाट्याचं होतं, शेवटच्या सफरीचं.

आमच्याकडे मुलीचं घेत नाहीत. काही आईबाप लेकीच्या घरचं पाणीही पीत नाहीत, आणि मी तर परक्याची डाळ न घेतलेली बाई. माझे हात पदराखाली गेले.

"राहू दे न, कायले," मी म्हटलं.

ती हसली नाही. "आई, मी दुसऱ्यांदा म्हननार नाही," म्हणाली, आणि तिचा हात खरंच मागे जायला लागला.

थांब, मी म्हटलं. मालक गोठ्यापाशी फवारणीचा पंप धूत होते. त्यांना हाक मारून पुढे बोलावलं. काहून, असं विचारत ते ओले हात दुपट्ट्याला पुसत आले. मी लेकीला सांगितलं, मी तुला वाढलं असेल, पण ताट ह्यांनी आणलं, तुझी नागपूरची फी ह्यांच्या कपाशीतून गेली. मालक जमिनीकडे पाहू लागले. मग मी पदराखालून दोन्ही हात काढले आणि पाकीट घेतलं. माझे डोळे भरून आले होते, ते तिला दिसू नयेत म्हणून मी खाली पाहत होते.

"मान वर, आई," ती म्हणाली. "पुन्हा."

मी पाकीट तिला परत दिलं आणि पुन्हा घेतलं.