हिरा भांडून घ्यावा

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या आत्याइतकं प्रेमानं भांडणारं माणूस दुसरं सापडणार नाही. भांडण म्हटलं की लोकांना राग, अबोला, पोलीस ठाणं असलं काहीबाही आठवतं. आत्याच्या भांडणात यातलं काहीच नसतं. नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीला माझ्याकडे यायला निघाली की ती एसटीच्या कंडक्टरशी खिडकीच्या जागेवरून वाद सुरू करते, आणि बडनेरा येईस्तोवर त्याच्या बहिणीसाठी एक स्थळ सुचवून मोकळी होते. माझ्या डॉक्टर मित्रानं तिला रक्तदाबाची गोळी लिहून दिली, तर ती तळहातावर घेऊन म्हणाली, "एवढ्या मोठ्या बाईले एवढुशी गोळी? तुमच्या कंपाउंडरले तरी विचारा एकडाव!" आमच्या गल्लीत येणारी भाजीवाली मध्यंतरी तापानं पडली होती. आत्या तिचं घर शोधत गेली, तिला वरणभात भरवला आणि भरवता भरवताच मागच्या खेपेची वांगी किडकी निघाल्याचंही सुनावलं. भाजीवाली म्हणे त्यानंतरच उठून बसली.

या सगळ्यामागे तिचं एक तत्त्व आहे, आणि ते ती कोणालाही ऐकवते: "ज्याच्यासंगं भांडता येत नाही, त्याच्यापाशून सामान कायले घ्यायचं?"

तिच्या नातीचा साखरपुडा ठरला तेव्हा या तत्त्वाची खरी परीक्षा झाली. आत्यानं आधीच जाहीर करून टाकलं होतं की नातीच्या कानात हिऱ्याचे टॉप्स घालीन तर मीच. नात पुण्यात नोकरी करते. साखरपुड्यासाठी ती माझ्याकडे उतरली होती, आणि टॉप्स तिनं मोबाइलवर पसंत करून ठेवले होते. आत्यानं चष्मा लावला, पडद्यावर दोन बोटं फिरवून हिरा कलिंगडाएवढा मोठा केला आणि विचारलं, "हा तं फोटो हाय. हिरा कुठं हाय?"

"आजी, तो घरी येतो. सोबत सर्टिफिकेट असतं. नाही आवडला तर परत करता येतो."

"परतच करायचा असन तं घेता कायले बाप्पा?"

आत्याचा सराफ ठरलेला होता. तिचं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. मोर्णा नदीच्या त्या बाजूच्या एका बोळात शेठजींचं दुकान आहे. आत्याच्या लग्नातल्या पोतीपासून सुनांच्या पाटल्यांपर्यंत सगळं तिथूनच आलं, आणि भांडल्याशिवाय त्यातलं एकही आलं नाही. पण नात म्हणाली, "निदान या कंपनीशी एकदा बोलून तर पाहा." आत्या लगेच तयार झाली. बोलायला मिळतंय म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणते! मी फोन स्पीकरवर ठेवला.

पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू?"

"तुमचे हिरे लय बारीक हायेत," आत्यानं पहिलाच वार केला.

"आपलं म्हणणं अगदी योग्य आहे मॅडम. आम्ही त्याची नोंद घेतली आहे."

आत्या जराशी गडबडली. मग तिनं घडणावळ काढली, डबीचा रंग काढला, कुरिअरवाल्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली. प्रत्येक वेळी मुलगी म्हणायची, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." शेवटी आत्याच वैतागली. "अवं, त्रास झालाच कुठं अजून!" मग तिनं निराळ्याच आवाजात विचारलं, "जेवली काय माय तू?" मग मघाचा सराईत आवाज बाजूला ठेवून ती मुलगी हळूच म्हणाली, "नाही हो, अजून नाही."

फोन ठेवल्यावर आत्या कितीतरी वेळ हळहळत होती. "पोरगी चांगली हाय बिचारी. पण तिले कोनी भांडूच देत नाही."

म्हणून नातीला घेऊन आम्ही अकोल्याला गेलो. बोळ तोच होता, पण दुकानाला काचेचं दार लागलं होतं आणि आत एसी. शेठजींच्या जागी त्यांचा मुलगा बसला होता. "या मावशी," म्हणत त्यानं पांढऱ्या दिव्याखाली टॉप्सचे ट्रे मांडले. प्रत्येकाला किमतीची चिठ्ठी, प्रत्येकाचं सर्टिफिकेट. आत्यानं पदर खोचला.

"मजुरी लय लावली."

"तुमच्यासाठी कमी केलीच आहे मावशी."

"हा खडा पिवळा मारून राहिला."

त्यानं तो ट्रे निमूटपणे उचलला आणि दुसरा ठेवला. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. समोर पैलवानच नाही अशा आखाड्यात उतरल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. "तुझा बाप कुठं हाय?" तिनं विचारलं.

मुलगा म्हणाला, "वर असतात. आई गेल्यापासून दुकानात उतरत नाहीत. बोलणंही फार कमी झालंय."

आत्यानं तो पिवळा म्हटलेला ट्रे उचलला आणि गुडघ्यांवर हात टेकत जिना चढायला लागली. मागं आम्ही सगळे. वर शेठजी खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. आत्यानं ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवला.

"शेठजी, तुमच्या पोरानं मले पिवळा हिरा दाखवला."

शेठजींनी खिशातून भिंग काढलं. एक टॉप्स उचलला, उजेडाकडे धरला, बराच वेळ फिरवून पाहिला.

"पिवळा?"

"मंग काय तं!"

"बाई, हिरा पांढराफेक हाय. तुमचा चष्मा पिवळा हाय."

झालं! पुढची पाच-दहा मिनिटं त्या खोलीत आम्हाला जागा नव्हती. चष्म्यावरून गोष्ट लग्नातल्या पोतीवर गेली. ती तुटली कारण तार कच्ची होती, असं आत्याचं म्हणणं. ती तुटली कारण बाईनं ती घालून विहिरीचं पाणी ओढलं, असं शेठजींचं. शेठजी खुर्चीत ताठ झाले होते आणि त्यांच्या गालावर रंग चढला होता. दारात उभा असलेला मुलगा बापाकडे असा पाहत होता, जणू कोणीतरी गावाहून परत आलं आहे.

मध्येच शेठजींनी नातीला विचारलं, "पोरी, तुले कोनते आवडले?"

ती बिचारी ओशाळली, आणि खरं तेच बोलली. मोबाइल पुढं केला. शेठजींनी भिंग लावून मोबाइलचा पडदा तपासला! मग म्हणाले, "घडण चांगली हाय. नाजूक हाय. आमच्यापाशी अशी नाही. हेच घे."

आत्या कडाडली, "शेठजी! घरी आलेलं गिऱ्हाईक वापस लावून राहिले काय?"

"कान तिचे हायेत बाई, तुमचे नाही."

आणि भांडण नव्यानं पेटलं. आता शेठजी ऑनलाइनची बाजू घेऊन लढत होते आणि आत्या त्यांच्याच दुकानाची. मुलानं खालून चहा आणला, तो गार झाला, दुसरा आणला. शेवटी तोड निघाली ती अशी: टॉप्स मोबाइलवरून मागवायचे, पण नातीच्या कानात जाण्याआधी शेठजींच्या भिंगाखालून जायचे.

तसंच झालं. डबी घरी आली तशी आत्या ती घेऊन अकोल्याला. शेठजींनी हिरा पास केला, फिरकी मात्र नापास केली आणि आपल्या कारागिराकडून नवी बसवून दिली. साखरपुड्यात नात सुंदर दिसली. आत्या प्रत्येक बाईला कान दाखवत सांगत होती, "हिरा फोनवरचा हाय, पण फिरकी आमच्या शेठजीची."

त्यानंतर आत्याला अकोल्याची कामं फार निघायला लागली. कोणी कुठूनही काही मागवो, ते शेठजींना दाखवल्याशिवाय तिला चैन पडेना. शेजारणीचं खोटं मंगळसूत्रसुद्धा ती एकदा घेऊन गेली. मुलगा मला म्हणाला, "मावशी येऊन गेल्या की बाबा दोन दिवस नीट जेवतात."

यंदा दिवाळीनंतर मी तिला असाच माझ्या गाडीतून घेऊन गेलो. या वेळी तिच्या नाकातली चमकीच उजळायला दिली होती. शेठजी बरेच वाळले होते. आत्यानं चमकी हातात घेऊन पाहिली आणि नेहमीच्या जोरात म्हणाली, "शेठजी, खडा बदलला तुमी माझा!"

सराफाला याहून मोठी शिवी नाही. मुलगासुद्धा दचकला. शेठजींनी आत्याकडे पाहिलं. डोळे शांत होते, हसरे होते, पण ओळखीचं त्यांत काही नव्हतं.

"हो बाई," ते म्हणाले. "बरोबर हाय तुमचं."

आत्या खाली बसली, त्यांच्या शालीचं टोक सारखं केलं आणि म्हणाली, "नाही शेठजी. मीच चुकली. खडा तोच हाय."

तिला माघार घेताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

परतताना मूर्तिजापूर मागं पडलं तरी तिनं माझ्याशी एकही वाद काढला नाही. मला राहवेना. मी मुद्दाम कुरापत काढली, "आत्या, तुला साधी खिडकीची काच लावता येत नाही. किती वारा येतोय!"

"येत असन रे बाप्पा," ती बाहेर पाहत म्हणाली.

मी माझ्या बाजूनं बटण दाबून तिची काच वर केली, आणि गाडी जरा हळू चालवायला लागलो.