उपासाच्या घरातला मेंढा

गेल्या सोमवारी सकाळी आमच्या सदलग्याच्या घरी परसात मेंढा आडवा पडला... आणि माझं डोकंच फिरलं. पोट टम्म फुगलेलं, करकर दात खातोय, मान उचलत नाही.

हा मेंढा आईचा. चिकोडीच्या बाजारात खाटकाच्या दारात बांधलेला बघून तिचा जीव कळवळला आणि ती त्याला सोडवून घेऊन आली. जैनाच्या घरी जीव वाचवायला आणलेलं जनावर... ते आमच्याच दारात मेलं तर गावात तोंड कुठं दाखवायचं? आई त्याच्या शेजारी बसून डोळे पुसत होती.

त्यात पर्युषण चाललेलं. आईचा उपास, थोरल्या आक्काचं एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, बायकोचं मीठ बंद. माणसं खात नाहीत ते ठीक, पण सगळ्यांचं लक्ष त्या मेंढ्याच्या तोंडाकडं! जाता-येता जी ती विचारणार, "खाल्लं का रं माझ्या बाळानं?" आता मी शाळेत शिकवू, का घरी राखण करत बसू?

मी तिघींना शंभरदा बजावलं होतं, गवत आणि कडबा, बाकी काही नाही. महायुद्धामुळं रेशन लागलेलं, ज्वारी मिळायची मारामार... आणि हा गडी ज्वारी दिसली की मुंडी घालायचा ती वर काढायचं नाव नाही.

नशीब, ढोरांचे डॉक्टर त्या दिवशी गावातच आलते. त्यांनी मेंढ्याची डावी कूस दाबली, तोंडाचा वास घेतला आणि एकच विचारलं, "ज्वारी कुणी घातली?"

आक्का तुळशीकडं बघायला लागली.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "भुकेचा लगाम पोटात नसतो, मेंदूत असतो. गवत चघळायला वेळ लागतो, पोट हळूहळू भरतं आणि मेंदू म्हणतो, बास. ज्वारी भराभर आत जाते. मेंदूला कळंस्तोवर पोटात सगळं आंबलेलं असतं. त्याला बास म्हणता येत न्हाय, ते तुम्ही म्हणायचं."

मग एकेक बाहेर यायला लागलं. आक्का म्हणाली, "मी एकच मूठ घातली." बायको म्हणाली, "मी बी एकच... सकाळी." आईनं पदरानं नाक पुसलं. "मी दोन्ही येळंला घालत हुते. मुका जीव त्यो, त्येला कुठला उपास?"

मी असा भडकलो म्हणून सांगू! "स्वतःची जीभ आवरता, मग हात का आवरत नाहीत? दया करून करून मारायला निघालात त्याला!" एवढं बोललो की आक्का रडायलाच लागली. खायचा सोडा पाण्यात कालवून डॉक्टरांनी तो मेंढ्याच्या घशात हळूहळू ओतला, त्याला उभा करून चालवायला लावलं आणि ज्वारी पूर्ण बंद केली.

दोन दिवस घरात कुणी नीट झोपलं नाही. कूस दाबून बघायची, दोन पावलं चालवायचं, परत बसायचं... तिसऱ्या दिवशी सकाळी तो रवंथ करायला लागला तेव्हा आईनं तिथंच हात जोडले. मलाही हुंदका आला, खोटं कशाला बोलू?

मी शाळेला निघालो होतो. कोट घातला, परसात उतरलो. मेंढा डुलत डुलत उठला. आईला ओलांडलं, आक्काला ओलांडलं, माझ्या बायकोकडं तर ढुंकूनही बघितलं नाही... सरळ माझ्याकडं आला आणि कोटाच्या उजव्या खिशात अख्खं तोंड खुपसलं.

आत चार-पाच दाणे होतेच. रोज शाळेला जाताना मीही एक मूठ घालत होतो... फक्त एकच.

आईनं नुसता हात पुढं केला, आणि मी मुकाट्यानं कोट काढून दिला.